जतन नेमके कशाचे? : मेक्सिकन लोकनृत्य, राष्ट्रीय रंगमंच आणि स्थलांतरितांची नृत्यपथके

प्रास्ताविक

लोककलांविषयीच्या आपल्या चर्चेत 'जतन' हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. परंपरा म्हणजे जणू माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी. सणावाराला खाली काढावीत, चिंचेने घासावीत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावीत. नृत्याला हा शब्द लावू लागले की मात्र तो अडखळतो. भांडे वापरले नाही तरी भांडे राहते. नाचणारे शरीर थांबले की नृत्य उरत नाही. उरतात त्या आठवणी, वेशभूषा, चित्रफिती आणि टिपणे. म्हणूनच 'आम्ही पारंपरिक नृत्याचे जतन करतो' असे एखादी संस्था सांगते, तेव्हा समीक्षकाने विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, नेमके कशाचे जतन? कोणत्या काळातील, कोणाच्या अंगणातील आणि कोणी बसविलेल्या नृत्याचे?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मेक्सिकन लोकनृत्याच्या, विशेषतः अमेरिकेतील मेक्सिकन वस्त्यांमध्ये उभ्या राहिलेल्या नृत्यपथकांच्या संदर्भात तपासावयाचा आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे १९६९ साली सुझन कॅशन आणि रामोन मोरोनेस यांनी स्थापन केलेले 'लोस लुपेन्योस दे सान होसे' हे अशा पथकांचे एक जुने आणि मान्यवर उदाहरण होय. या प्रकारच्या पथकांतील बहुतेक नर्तक उपजीविकेसाठी अन्य काही करतात. सराव संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी चालतो, आणि मुलांचे वर्ग हा संस्थेचा कणा असतो. या पथकांचे प्रयोग प्रस्तुत अभ्यासकाने ध्वनिचित्रफितींवरच पाहिले आहेत, ही मर्यादा सुरुवातीलाच नोंदविणे उचित. चित्रफितीत कॅमेरा घागऱ्यांच्या घेरावर आणि हसऱ्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. पायांकडे तो क्वचित वळतो. या नृत्यांचा जीव मात्र पायांत आहे.

चर्चेपूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्पॅनिशमध्ये नृत्याला दोन शब्द आहेत : 'दान्सा' आणि 'बाइले'. दान्सा म्हणजे व्रत, नवस किंवा धार्मिक कर्तव्य म्हणून केलेले नृत्य. ते प्रायः आदिवासी समूहांचे असते आणि त्याचा प्रेक्षक देव किंवा संत असतो. बाइले म्हणजे लग्नकार्यात, जत्रेत, जोडीजोडीने करमणुकीसाठी केलेला नाच. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांना विधिनाट्य आणि रंजनप्रधान लोकनाट्य हा भेद परिचित आहे. त्याच्या आधाराने दान्सा आणि बाइले यांच्यातील अंतर कळू शकेल. रंगमंचावर हे दोन्ही प्रकार एकाच कार्यक्रमपत्रिकेत, एकामागून एक, सारख्याच प्रकाशात येतात. पुढील बरेचसे प्रश्न तेथूनच उद्भवतात.

हाराबे : बंदीपासून पाठ्यक्रमापर्यंत

मेक्सिकोचे राष्ट्रीय नृत्य म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या 'हाराबे तापातियो'चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. वसाहतकाळात हाराबे हा अश्लील नाच मानला जाई. १८०२ साली स्पॅनिश व्हाइसरॉयने 'हाराबे गातुनो' या प्रकारावर बंदीच घातली होती. स्वातंत्र्ययुद्धानंतर तोच नाच देशी अभिमानाचा झाला. तरीही त्याला आजचे सुपरिचित रूप मिळाले ते विसाव्या शतकात, आणि त्यातही एका परदेशी नर्तिकेचा हात होता. १९१९ साली रशियन बॅलेरिना आना पाव्हलोवा मेक्सिकोत आली असताना तिने 'फान्तासिया मेहिकाना' या प्रयोगात हाराबे चवड्यांच्या टोकांवर, बॅलेच्या जोड्यांत, नाचून दाखविला. त्या प्रयोगाचे नेपथ्य करणारा चित्रकार आदोल्फो बेस्त मौगार्द यानेच पुढे १९२१ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त, चापुल्तेपेकच्या उद्यानात 'मेक्सिकन रात्र' हा भव्य लोकोत्सव घडवून आणला. जे आपल्या दारातलेच आहे ते बाहेरच्या कोणी उचलून धरल्यावर अभिजनांना त्याची किंमत कळावी, हा अनुभव केवळ मेक्सिकोचा नाही.

१९२१ मध्येच मेक्सिकोत सार्वजनिक शिक्षण मंत्रालय स्थापन झाले आणि होसे वास्कॉन्सेलोस त्याचे पहिले मंत्री झाले. दहा वर्षांच्या क्रांतीने आणि यादवीने विस्कटलेल्या देशाला एक चेहरा द्यावयाचा होता. त्या चेहऱ्यासाठी भित्तिचित्रे, शाळा, ग्रंथालये आणि नृत्य ही साधने निवडण्यात आली. १९२३ पासून 'सांस्कृतिक मोहिमा' या नावाने शिक्षकांचे गट खेड्यापाड्यांत जाऊ लागले. आरोग्य, शेती आणि साक्षरता शिकविता शिकविता हे शिक्षक तेथील गाणी व नृत्ये टिपून घेत आणि ती दुसऱ्या प्रांतातील शाळांत शिकवीत. हालिस्को प्रांतातील हाराबे अशा रीतीने देशाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांच्या पायांत आला. १९२४ साली राष्ट्रीय स्टेडियमच्या उद्घाटनाला शेकडो जोड्यांनी एकाच वेळी हाराबे केला. जोडीतील स्त्रीपुरुषांच्या खेळकर झटापटीचा हा नाच तोवर कवायतीच्या मैदानावर पोहोचला होता.

याच मंत्रालयाच्या इमारतीत १९२३ ते १९२८ या काळात दिएगो रिवेराने भिंती रंगविल्या. तिच्या उत्सवांच्या चौकात हरणाचे नृत्य आहे, रंगीत फितींचे नृत्य आहे, तेवान्तेपेकचा नाच आहे. त्याच इमारतीतील दुसऱ्या एका चित्रात जेवणाच्या मेजाशी बसून भाकर मोडणारा जो पुरुष दिसतो, तो वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यावरून रेखाटला असल्याचे मानले जाते. गदर चळवळीतील हे क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन करू लागले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्यात अग्रभागी राहिले. खानखोज्यांचा उल्लेख येथे केवळ मराठी अभिमानापोटी केलेला नाही. शेतातले बियाणे प्रयोगशाळेत आणावे, सुधारावे आणि शेतकऱ्याच्या हाती परत द्यावे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. नृत्याच्या बाबतीतही त्याच राज्यसंस्थेने पहिल्या दोन गोष्टी केल्या. गावातले नृत्य उचलले आणि सुधारले. ते परत दिले का, आणि कोणाला दिले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

रंगमंचाचे व्याकरण

गाव आणि रंगमंच यांच्यामध्ये १९३० च्या दशकात कांपोबेयो भगिनी उभ्या दिसतात. नेली कांपोबेयो ही क्रांतीवरील 'कार्तुचो' या पुस्तकामुळे साहित्यात अधिक ओळखली जाते. परंतु नेली आणि ग्लोरिया यांचे १९४० चे 'रित्मोस इन्दीखेनास दे मेहिको' हे पुस्तक नृत्याभ्यासाच्या दृष्टीने अधिक मौलिक आहे. निरनिराळ्या आदिवासी समूहांची माणसे चालतात कशी, उभी राहतात कशी, वजन कोठे टाकतात, येथून त्यांनी सुरुवात केली. नृत्याकडे जाण्याचा हा मार्ग नंतरच्या काळात जवळजवळ बुजला.

तो बुजविणारी प्रतिभा आमालिया एर्नांदेस (१९१७–२०००) यांची. सधन घरातील ही मुलगी बॅले आणि स्पॅनिश नृत्य शिकली, आधुनिक नृत्याच्या वर्तुळात वावरली आणि १९५२ साली आठ नर्तकींना घेऊन तिने स्वतःचे पथक काढले. मिचोआकान प्रांतातील जुन्या 'सोनेस'वर आधारित रचना ही तिची सुरुवातीची कृती. दूरचित्रवाणीमुळे पथक घराघरांत पोहोचले. १९५९ साली शिकागोच्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ते देशाचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि त्याच वर्षापासून मेक्सिको शहरातील बेयास आर्तेस हे भव्य नाट्यगृह त्यांचे घर झाले. १९६१ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रोत्सवात पहिले पारितोषिक मिळाल्यावर 'बाले फोल्क्लोरिको दे मेहिको' हे नाव आणि मेक्सिको हे राष्ट्र परदेशी प्रेक्षकांच्या मनात एकरूप झाले.

एर्नांदेस यांनी नेमके काय केले? गावातला नाच वर्तुळात किंवा समोरासमोर होतो. त्यांनी त्याला एक दर्शनी बाजू दिली. गावात एखादा 'सोन' नाचणाऱ्यांचा दम असेतो चालतो. त्यांनी तो काही मिनिटांत चढत्या लयीने टिपेला नेऊन संपविला. गावात प्रत्येकाचा पाय थोडा वेगळा पडतो; त्यांनी वीस जणांची टाच एकाच क्षणी आपटविली. घागऱ्याचा घेर वाढला, कारण तो शेवटच्या रांगेतून दिसावयास हवा होता. आणि घेर वाढला म्हणून घागरा हातांनी फिरविण्याची स्वतंत्र कला विकसित झाली. 'फाल्देओ' या नावाने आज जी कला मुलींना पारंपरिक म्हणून शिकविली जाते, तिच्या प्रचंड अर्धवर्तुळांचे माप नाट्यगृहाने ठरविले आहे. मग प्रांतवार चित्रमालिका आली : मिचोआकानचे म्हातारे, वेराक्रूझची शुभ्र वस्त्रे, उत्तरेकडील पोल्का आणि शेवटी हालिस्को, मारियाची व हाराबे. रात्र संपेपर्यंत प्रेक्षकाला अख्खा देश फिरून आल्याचे समाधान मिळते.

अँथनी शे यांनी 'कोरिओग्राफिक पॉलिटिक्स' (२००२) या ग्रंथात सोव्हिएत रशियातील मोइसेयेव्ह यांच्या पथकापासून मेक्सिकोपर्यंतच्या राष्ट्रीय नृत्यसंस्थांची तुलना केली आहे. अशा पथकांचे नृत्य ही गावातील नृत्याची बिघडलेली प्रत नसून ती एक 'समांतर परंपरा' आहे, अशी त्यांची मांडणी आहे. ती उपयुक्त आहे. 'अस्सल की नक्कल' या निष्फळ वादातून ती आपली सुटका करते. तथापि तिच्यात एक त्रुटी जाणवते. समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत, आणि येथे दोन्ही परंपरा सतत एकमेकींत घुसतात. रंगमंचावरील वेश गावच्या जत्रेत येतो, गावचा नर्तक पर्यटकांसमोर रंगमंचासारखा नाचू लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका परंपरेच्या हाती राज्यसंस्थेचा पैसा असतो, दुसरीच्या नसतो. समांतर म्हटल्याने समान वाटू लागते. ते तसे नाही.

हरणाचे नृत्य

ही असमानता याकी समाजाच्या हरणाच्या नृत्यात जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

एर्नांदेस यांच्या पथकाचे 'ला दान्सा देल वेनादो' हे एकल नृत्य त्यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध रचनांपैकी एक. उघड्या अंगाचा नर्तक, डोक्यावर हरणाचे मुंडके, हातांत तुंब्यांचे खुळखुळे. हरीण कानोसा घेते, दचकते, उसळते, शिकारी येतात, बाण लागतो, आणि हरीण दीर्घकाळ, अत्यंत देखणेपणाने मरते. शरीराच्या तयारीचा तो थक्क करणारा नमुना आहे, याविषयी दुमत होऊ नये. प्रस्तुत अभ्यासकालाही प्रथमदर्शनी ते विलक्षण भावले होते.

सोनोरातील आणि सीमेपलीकडे ॲरिझोनातील याकी वस्त्यांत हरणाचा नर्तक उभा राहतो तो रात्रभर चालणाऱ्या धार्मिक सोहळ्यात. पायांना रेशीमकिड्यांच्या कोशांच्या माळा, कमरेला हरणाच्या खुरांचा पट्टा. शेजारी गायक बसलेले, कोणी खाचांच्या काठीवर घासून ताल धरतो, कोणी पाण्यावर पालथ्या घातलेल्या तुंब्यावर ठोके देतो. सोबत 'पास्कोला' या नावाचे दुसरे नर्तक असतात, आणि ते लोकांना हसवतातही. केंद्रस्थानी असतात ती हरणाची गीते. लॅरी एव्हर्स आणि स्वतः याकी असलेले फेलिपे मोलिना यांनी १९८७ मध्ये 'याकी डीअर साँग्ज' या पुस्तकात ती गीते मूळ भाषेसह, त्यांच्या अर्थासह आणि ती कोठे, कोणी गावीत याच्या विवेचनासह मांडली. त्या गीतांत बोलते ते हरीण. पहाटेपूर्वीच्या फुलांच्या एका अदृश्य प्रदेशातून ते बोलते, आणि नर्तक त्या शब्दांना शरीर देतो. हरणाच्या वधाशी निगडित विधीही याकींमध्ये आहे; परंतु तो मृतांच्या स्मरणाशी जोडलेला आहे. रंगमंचाने या सर्वांतून शिकार तेवढी उचलली आणि गीत टाकून दिले. शब्द गेले आणि प्राणी उरला.

यावर कोणी म्हणेल की रूपांतर म्हटले की निवड आलीच. तात्त्विकदृष्ट्या ते मान्य करता येईल. पण निवड करणारा कोण आणि ज्याच्यातून निवडले तो कोण, हेही पाहावे लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्फिरियो दियास यांच्या राजवटीने हजारो याकींना त्यांच्या नदीकाठच्या जमिनींवरून उखडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर वेठबिगारीला पाठविले. अनेकांनी पळून ॲरिझोनाचा आश्रय घेतला. तेथील पास्कुआ याकी जमातीला अमेरिकन संघराज्याची मान्यता मिळण्यास १९७८ साल उजाडले. ज्या समाजाला राज्याने असा वागविला, त्याचाच नर्तक आज सोनोरा प्रांताच्या राजमुद्रेवर आहे आणि राष्ट्रीय पथकाच्या भित्तिपत्रकांवरही. रंगमंचावरील हरीण मरते तेव्हा प्रेक्षक एका प्राण्यासाठी हळहळतात. याकी माणसाची आठवण होण्याचे कारणच त्या रचनेत ठेवलेले नाही. ही सौंदर्यशास्त्रीय उणीव आहे की नैतिक, हे वेगळे काढणे येथे अशक्य होते.

सीमेपलीकडे : तिसरा थर

आता सॅन होजेकडे वळू. आज संगणक उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले हे खोरे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फळबागांचे आणि फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचे होते, आणि तेथे राबणाऱ्यांत मेक्सिकन कुटुंबे मोठ्या संख्येने होती. शहराच्या पूर्वभागातील एका वस्तीचे नावच 'साल सि पुएदेस', म्हणजे 'जमले तर बाहेर पड', असे होते. शेतमजुरांचे नेते सेसार चावेस याच वस्तीत राहत, आणि १९५२ साली त्यांच्या संघटनकार्याची सुरुवात तेथूनच झाली. नैर्ऋत्य अमेरिकेतील अनेक शाळांत त्या काळी स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. १९६५ च्या द्राक्षमळ्यांतील संपानंतर चिकानो चळवळ उभी राहिली, आणि १९६९ मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत तिने आपला सांस्कृतिक जाहीरनामा मांडला. लोस लुपेन्योसची स्थापना त्याच वर्षीची.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की या पथकांनी जे उचलले ते का उचलले, हे समजते. ज्या मुलांना आपल्या भाषेची लाज वाटावयास शिकविले गेले होते, त्यांना ताठ मानेने, टाच आपटून, उंच आवाजात स्वतःला मेक्सिकन म्हणविण्यासाठी काहीतरी हवे होते. हाती आले ते एर्नांदेस यांचे आणि विद्यापीठीय पथकांचे तयार व्याकरण. आईवडील जेथून आले त्या खेड्यातील नाच बहुधा त्या मुलांच्या हाती लागला नाही. म्हणजे येथे तिसरा थर आहे : गावाचे नृत्य, त्यावर राष्ट्राचे नृत्य, आणि त्यावर परक्या राष्ट्रातील अल्पसंख्याकांचे नृत्य. सत्ताधारी पक्षाच्या राष्ट्रवादासाठी घडविलेली कला सीमा ओलांडताच दुर्बलांचे हत्यार झाली. हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या १९८३ च्या ग्रंथापासून 'शोधून काढलेली परंपरा' हा शब्दप्रयोग आपल्याकडील शोधनिबंधांत उठसूट वापरला जातो. पण तो लावला की विश्लेषण संपले, अशी आपली समजूत झालेली दिसते. परंपरा कोणी शोधून काढली यापेक्षा ती पुढे कोणाच्या हाती गेली, हे कित्येकदा अधिक बोलके असते.

सुझन कॅशन यांचे उदाहरण या दृष्टीने मनोरंजक आहे. त्या मूळच्या मेक्सिकन नव्हत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्या नृत्य शिकवीत आणि त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध एका मेक्सिकन खेड्यातील संत सांतियागोच्या उत्सवातील नृत्यविधीवर होता. गावातील दान्सा म्हणजे काय हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी उभी केलेली संस्था रंगमंचीय होती. यात विसंगती दिसेल. परंतु उत्सवातील नृत्य शिकविण्याजोगे नसते, ते त्या गावात राहून, त्या संताचा नवस बोलून करावयाचे असते, हे जाणणाऱ्याने वर्गात दुसरे काही शिकवावे, हा प्रामाणिकपणाही असू शकतो.

या पथकांवर एक आक्षेप मात्र ठामपणे घेतला पाहिजे. त्यांच्या बहुसंख्य कार्यक्रमपत्रिका एर्नांदेस यांच्या प्रांतवार नकाशावरच आखलेल्या असतात, आणि त्या नकाशाचा काळ १९१० च्या क्रांतीपाशी, बंदूक खांद्यावर घेतलेल्या आदेलितांपाशी, थांबतो. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा भूभाग अमेरिकेकडे गेला, १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' करारावर लक्षावधी मजूर उत्तरेकडे आले, कारखान्यांचे भोंगे, सीमेवरचे कुंपण, हे सारे त्या नर्तकांच्या घरातले इतिहास. पण घागऱ्याच्या घेरात त्यांना जागा नाही. १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव १८७' मंजूर करून कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळांची दारे बंद करण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने तो रोखला. त्या वर्षीही मंचावरचा मेक्सिको तोच सणासुदीचा, कोणीही सोडून न गेलेला देश होता. गुन्हेगार म्हणून हिणविल्या जाणाऱ्या समाजाला आपले प्रसन्न रूप दाखवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, हे खरेच. पण ते रूप नेमके तेच असते, जे हिणविणाऱ्यालाही पाहावयास आवडते.

या संदर्भात फांदांगोचे उदाहरण पुढे ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे. वेराक्रूझच्या किनारपट्टीवर 'तारिमा' हा लाकडी पाट मध्ये ठेवतात; भोवती तंतुवाद्ये वाजविणारे, गाणारे उभे राहतात; पाटावर एक जोडी किंवा काही स्त्रिया चढतात, दमल्या की उतरतात, दुसऱ्या चढतात, आणि हे पहाटेपर्यंत चालते. पायांचा आघात हेच त्या संगीतातील तालवाद्य असल्याने नाचणारी चुकली तर गाणेच चुकते. बघ्यांसाठी वेगळी जागा नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या 'मोनो ब्लांको' या संगीतगटाने आणि त्यानंतरच्या चळवळीने शुभ्र वस्त्रांतील रंगमंचीय 'ला बाम्बा'ला आव्हान देत ही बैठक पुन्हा उभी केली. २००८ पासून तिहुआना आणि सॅन डिएगो यांच्यामधल्या कुंपणाशी दोन्ही बाजूंना तारिमा मांडून सीमेवरचा फांदांगो होऊ लागला. जाळीच्या एका बाजूचे कडवे दुसऱ्या बाजूने उचलावयाचे. रंगमंचीय पथकांच्या नकाशाने वगळलेला इतिहास येथे एकाही संवादाशिवाय हजर होतो.

परंतु म्हणून फांदांगो खरा आणि पथके खोटी, असा निवाडा देणे प्रस्तुत अभ्यासकाला मान्य नाही. तारिमावर चढण्यासाठीही पाय तयार असावा लागतो, आणि मेक्सिकोपासून दूर वाढणाऱ्या मुलांचा पाय तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे या पथकांच्या वर्गांनीच केले आहे. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला ठोकलेले खिळे, चवडा-टाच-तळवा यांच्या आघातांचे पाढे, न थकता तेच ते पुन्हा. 'सापातेआदो' शरीरात उतरतो तो असा. सरावाच्या खोलीतील ही देवाणघेवाण प्रेक्षकाला दिसत नाही, आणि त्यामुळे समीक्षेतही येत नाही. तेथे थोरली मुलगी धाकटीला पाय दाखविते. आया फिती शिवतात, आणि त्या निमित्ताने आपल्या गावाकडे हा घागरा असा नव्हता, हेही बोलले जाते. हे बोलणे टिपून घेणारे कोणी असते तर कांपोबेयो भगिनींचा बुजलेला मार्ग कदाचित तेथेच पुन्हा सापडला असता.

व्याकरण बदलूही शकते, याची चिन्हे आहेत. सॅन होजेतच २०१५ साली सुरू झालेल्या 'एन्साम्ब्ले फोल्क्लोरिको कोलिब्री' या समलिंगी व पारलिंगी नर्तकांच्या पथकाने स्त्री-पुरुष जोडीची सक्ती सोडली. घागरा कोणी घ्यावा आणि हॅट कोणी घालावी, हा प्रश्न तेथे नर्तकावर सोपविला जातो. हाराबेसारख्या प्रणयनृत्यात हा बदल वरवरचा राहत नाही. पदन्यास तेच असूनही नृत्याचा अर्थ बदलतो. 'हे पारंपरिक नाही' असा आक्षेप यावरही येणार. पण रशियन बॅलेरिनाने चवड्यांच्या टोकांवर नाचलेल्या आणि स्टेडियमवर कवायतीसारख्या केलेल्या हाराबेच्या वतीने हा आक्षेप कोणी आणि कोणत्या तोंडाने घ्यावा?

बाइले हा असा बदल पेलतो, कारण तो मुळातच कोणाच्याही मालकीचा नाही. जत्रेत आलेल्या प्रत्येकाचा तो आहे. दान्साची गोष्ट निराळी आहे, आणि समुदायपथकांनी आपल्या कार्यक्रमात हा भेद पाळावा, अशी अपेक्षा अवाजवी ठरू नये. हरणाचे नृत्य याकींना विचारल्यावाचून करू नये. केलेच तर ती १९५० नंतरची मेक्सिको शहरातील रंगरचना आहे, हे पत्रकात छापावे. अनेक पत्रकांत नृत्याच्या नावापुढे फक्त 'सोनोरा' असते, 'याकी' हा शब्दही नसतो. नृत्याचा कर्ता आणि वर्ष लिहिल्याने त्याची लोकप्रियता घटते, ही भीती निराधार आहे. ओआहाकाच्या गेलागेत्सा उत्सवात तुक्स्तेपेकच्या मुली 'फ्लोर दे पिन्या' करतात. हे नृत्य पाउलिना सोलीस या शिक्षिकेने १९५८ साली बसविले, कारण तोवर त्या भागातून येणारा नाच वेराक्रूझचाच वाटे आणि ओआहाकाच्या उत्सवात तो खटके. ही हकीकत तेथे कोणी लपवीत नाही. तरीही दर जुलैत त्या मुली खांद्यावर अननस घेऊन टेकडीवरच्या रंगमंचावर येतात, आणि लोक त्यांचीच वाट पाहत बसलेले असतात.